सुकाणू स्तंभ व प्रज्वलन स्विच : जुन्या स्पोर्ट्‌स मोटारगाड्यांतील फेरबदल

मोटारगाडीचे सुकाणू चक्र, म्हणजे बोलीभाषेतील स्टिअरिंग, खालच्या दंतचक्रपेटीशी जोडणारा दंड आणि त्याभोवतीची नळी यांना मिळून सुकाणू स्तंभ म्हणतात. बॅटरीतून प्रज्वलन मंडलास मिळणारा विद्युत् प्रवाह किल्लीने चालू वा बंद करणारा स्विच म्हणजे प्रज्वलन स्विच होय. मूलतः या दोहोंचा परस्परांशी संबंध नव्हता. चोरीस प्रतिबंध आणि अपघातात चालकाचे संरक्षण या दोन गरजांमुळे तो निर्माण झाला. जुन्या स्पोर्ट्‌स मोटारगाड्यांची पुनर्बांधणी करताना स्विचाची जागा बदलणे व दुसऱ्या गाडीचा स्तंभ जुळवून बसविणे ही कामे पुष्कळदा करावी लागतात.

इतिहास : १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवर चालणारा स्टार्टर बसविण्यात आला. त्यानंतरही बराच काळ प्रज्वलनाची किल्ली व स्टार्टरचे बटण वेगवेगळे असत. १९४९ मध्ये क्रायस्लर कंपनीने ही दोन्ही कार्ये एकाच किल्लीत आणली. त्या काळात स्विच सामान्यतः डॅशबोर्डवर असे. १९६२ साली बाजारात आलेल्या एमजीबी व ट्रायंफ स्पिटफायर या ब्रिटिश गाड्यांत प्रारंभी हीच पद्धत होती.

पश्चिम जर्मनीत १९६१ पासून नव्या गाड्यांना चोरी-प्रतिबंधक कुलूप आवश्यक झाले. किल्ली काढल्यावर स्तंभातील दंडाच्या खाचेत पोलादी खुंटी बसून चक्र अडकविणारे कुलूप यासाठी सोयीचे ठरले, आणि स्विच स्तंभाकडे सरकला. जनरल मोटर्सने १९६९ च्या गाड्यांत ही रचना स्वीकारली. १ जानेवारी १९७० पासून अमेरिकेत चोरी-प्रतिबंधक कुलपाचे मानक लागू झाले. स्वीडनच्या साब कंपनीने मात्र साब ९९ या गाडीत स्विच पुढील दोन आसनांच्या मध्ये ठेवला. तेथील कुलूप चक्राऐवजी गिअरचा दांडा अडकवी, आणि धडकेच्या वेळी गुडघा किल्लीवर आदळण्याचा धोकाही टळे.

आक्रसणारा स्तंभ : जुना स्तंभ एकसंध व ताठ असे. समोरून धडक बसली, की तो भाल्याप्रमाणे मागे सरकून चालकाच्या छातीत घुसे. यावर उपाय म्हणून आघाताची ऊर्जा शोषून आक्रसणारे स्तंभ निघाले. जनरल मोटर्सने १९६७ च्या गाड्यांत जाळीदार नळीचा असा स्तंभ वापरला. १९६८ पासूनच्या अमेरिकी मानकांनुसार ताशी सु. ४८ किमी. वेगाच्या धडकेत चक्र १२७ मिमी. हून अधिक मागे येता कामा नये.

भारतातील गाड्या : मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या पद्मिनी गाडीत गिअरचा दांडाही सुकाणू स्तंभावरच असे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌स कंपनीने १९६१ पासून बनविलेली स्टँडर्ड हेरल्ड ही ब्रिटिश ट्रायंफ हेरल्डची भारतीय आवृत्ती होती. ट्रायंफ हेरल्डचा स्तंभ एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा असून त्याची लांबी कमीजास्त करता येई. जोराच्या आघाताने तो आक्रसत असे. स्पिटफायर गाडी हेरल्डच्याच यांत्रिक भागांवर आधारलेली होती. त्यामुळे या दोन गाड्यांतील सुकाणू भागांचे साम्य पुनर्बांधणीत उपयोगी पडते. महाराष्ट्रात अलिबागनजीक चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीची दोन आसनी उघडी गाडी लहान प्रमाणावर तयार केली.

स्विचाचे स्थलांतर : या कामास हात घालण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडवावी लागते. ल्यूकस पद्धतीच्या ब्रिटिश तारजोडणीत तपकिरी तार बॅटरीकडून थेट येते, पांढरी तार प्रज्वलनाकडे जाते व पांढरी-तांबडी तार स्टार्टरच्या मंडलात असते. तपकिरी तारेत बहुधा फ्यूज नसतो. तिचे आवरण पत्र्याच्या कडेवर घासले गेल्यास लघुमंडल होऊन आग लागू शकते. म्हणून पत्र्यातील भोकांना रबरी कडी बसवितात. तार लांबविल्याने विद्युत् दाब घटतो. त्यासाठी पुरेशा जाडीची तार वापरतात किंवा मोठा प्रवाह रिलेमार्फत नेतात. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्यास जोडलेले असते, हेही पाहावे लागते.

स्विचाची पकड सैल असणे किती घातक ठरते हे २०१४ मध्ये दिसून आले. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत स्विच चालत्या गाडीत आपोआप फिरून एंजिन बंद पडे व सुरक्षा-पिशव्या निकामी होत. सु. २६ लाख गाड्या परत मागविल्या गेल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

स्तंभाची जुळवणी : स्तंभ व दंतचक्रपेटी एका रेषेत नसतील, तर सार्वत्रिक सांधे वापरतात. एकाच सांध्याने दंडाची गती असमान होते. दोन सांध्यांचे कोन समान व मधल्या दंडाचे काटे एकाच प्रतलात ठेवल्यास ती पुन्हा समान होते. दंड कापून वितळजोड करणे धोक्याचे असते. खाचदार टोकांचे तयार भाग अधिक विश्वसनीय होत. आक्रसणाऱ्या स्तंभाचे निसटते आधार काढून साधे बोल्ट बसविल्यास त्याचा संरक्षक गुण नष्ट होतो. कुलपाची खुंटी किल्ली काढल्याशिवाय पुढे येत नाही, याची खात्री गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी करून घेतात.

कायदेशीर तरतुदी : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. परवानगी लागणाऱ्या बदलांसाठी संबंधित नोंदणी कार्यालयाकडे (उदा., हिंगोली जिल्ह्यातील वाहनांबाबत एमएच-३८ क्रमांकाचे कार्यालय) अर्ज करावा लागतो. १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार सुकाणू चक्राची मोकळी हालचाल ३० अंशांहून अधिक असू नये. २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या व मूळ स्वरूपातील वाहनास व्हिंटेज म्हणून नोंदविता येते. मात्र सांगाडा, बाह्यकाय वा एंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत. त्यामुळे जुन्या डॅशबोर्डला नवी भोके न पाडता वेगळ्या पट्टीवर स्विच बसविणे आणि मूळ स्तंभ जपून ठेवणे इष्ट ठरते. अशा रीतीने केलेला फेरबदल पुढे केव्हाही काढून टाकता येतो.