वीररसातला विराम

कॅडेट मित्रहो, पोवाडा म्हटला की डफाचा कडकडाट आणि शाहिराची चढती पट्टी आठवते. शाळेच्या कार्यक्रमासाठी पोवाडा बसवताना आपण बहुधा पहिल्या चौकापासून अखेरपर्यंत एकाच आवेशात गातो. जुन्या शाहिरांची रीत वेगळी होती. आवेश कुठे आवरायचा हे त्यांना ठाऊक होते.

तुलसीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडा पाहा. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसऱ्यांनी गड जिंकून देताना देह ठेवला. पण शाहीर आपल्याला आधी लग्नघरी नेतो. रायबाच्या लग्नाची धांदल चालू आहे आणि तेवढ्यात मोहीम पुढे येते. इथे शाहीर गाणे थांबवून गद्यात बोलू शकतो, झिलकरी सूर धरून ठेवतात, तुणतुणे वाजत राहते. त्या विरामात श्रोता घर आणि गड यांच्यामध्ये उभा राहतो. पुढची लढाई तो नुसती ऐकत नाही. तिच्यासाठी काय मागे सोडले, हेही त्याला माहीत असते.

हीच गोष्ट मध्ययुगीन फ्रान्समधल्या कथागायकांनी आपल्या पद्धतीने केली. इ. स. ११००च्या सुमारास रचलेले ‘रोलाँचे गीत’ सुमारे ४,००० ओळींचे आहे. सम्राट शार्लमेनच्या सैन्याची पिछाडी सांभाळताना रोलाँ वेढला जातो. मित्र ऑलिव्हिए शिंग फुंकून मदत मागवायला सांगतो. रोलाँ नकार देतो. हा प्रसंग एकदाच सांगून कवी पुढे जात नाही. एकामागून एक कडव्यांत, स्वर बदलून, तीच विनंती आणि तोच नकार पुन्हा येतो. गाणारा जणू काळ रोखून धरतो. धैर्य कुठे संपते आणि हट्ट कुठे सुरू होतो, याचा विचार करायला श्रोत्याला तेवढी उसंत मिळते. अखेरीस रोलाँ शिंग फुंकतो, पण तोवर उशीर झालेला असतो. पुढे त्याची वाग्दत्त वधू ओद मृत्यूची बातमी ऐकताच कोसळते आणि प्राण सोडते. तिथेही रणभूमीची किंमत घराकडूनच कळते.

ही काव्ये म्हणजे इतिहासाची कागदपत्रे नव्हेत. ७७८ साली पिरेनीज पर्वतात त्या पिछाडीवर हल्ला केला तो बास्क लोकांनी. काव्याने त्यांच्या जागी मोठी मुस्लिम फौज उभी केली. सिंहगडाच्या कड्यावर चढणारी घोरपडही इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. घटना कागदांत तपासावी. ती लोकांच्या मनात कशी राहिली, हे काव्यातून समजून घ्यावे.

आपण गाझियाबादला, गंगा-यमुनेच्या दुआबात राहतो. यमुनेपलीकडे दिल्लीच्या उत्तरेला बुराडी आहे. १० जानेवारी १७६० रोजी दुआबाच्या बाजूने नदी ओलांडून आलेल्या अफगाण-रोहिल्या फौजेशी लढताना तिथे दत्ताजी शिंदे पडले आणि त्यांचा तरुण पुतण्या जनकोजी जखमी झाला. यंदा मराठी मंडळाने या प्रसंगावर एक चौक रचून पाहावा. दत्ताजींच्या शौर्यासाठी डफ जोरात वाजू द्या. जनकोजीपाशी आलात की तो थांबवा, आणि काकाला मागे टाकून निघताना त्या मुलाला काय वाटले असेल, ते साध्या गद्यात सांगा.