भिंतींवर उरलेले दप्तर

कैरोहून अलेक्झांड्रियाकडे जाणाऱ्या वाळवंटी रस्त्याजवळ वादी नत्रून हा खोलगट प्रदेश लागतो. कॉप्टिक ख्रिस्ती साधू इथे चौथ्या शतकापासून राहत आले आहेत. इथल्या चार जुन्या मठांपैकी देर अल-सुरियान, म्हणजे सुरियानी लोकांचा मठ, सहाव्या शतकातला. इजिप्तमधल्या या मठात नवव्या शतकापासून पुढची काही शतके कॉप्टिक आणि सुरियानी साधू एकत्र नांदले.

हा मठ जगाला ठाऊक झाला तो त्याच्या हस्तलिखितांमुळे. मठाधिपती निसिबिसचा मोशे करमाफी मागण्यासाठी 927 साली बगदादला खलिफाकडे गेला आणि 932 मध्ये 250 हस्तलिखिते घेऊन परतला. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट कर्झन, हेन्री टॅटम अशा युरोपीय प्रवाशांनी त्या संग्रहाचा मोठा भाग लंडनला नेला. एडेसा इथे 411 साली लिहिलेले, ज्ञात तारखेचे सर्वांत जुने सुरियानी हस्तलिखित त्यांतच होते. त्याच्या शेवटच्या पानाचा तुकडा मात्र पुढे मठातच सापडला.

ग्रंथ गेले, भिंती राहिल्या. मरियेच्या नावाने असलेले इथले चर्च सातव्या शतकातले. अठराव्या शतकात त्याच्या आतल्या भिंतींवर गिलावा चढला आणि जुनी चित्रे दिसेनाशी झाली. 1988 मध्ये चर्चला आग लागली. पश्चिमेकडच्या अर्धघुमटात तेराव्या शतकातले येशूच्या स्वर्गारोहणाचे चित्र होते, त्याला आगीची झळ बसली. दुरुस्तीसाठी 1991 मध्ये ते उतरवले, तेव्हा खालून दुसरेच चित्र पुढे आले: गब्रीएल दूत मरियेला निरोप सांगतो आहे आणि दोन्ही बाजूंना जुन्या करारातले चार संदेष्टे उभे आहेत. दूताचे शब्द ग्रीकमध्ये, तर संदेष्ट्यांच्या हातांतल्या गुंडाळ्यांवरचा मजकूर कॉप्टिकमध्ये आहे.

त्यानंतर 1995 पासून लायडन विद्यापीठाच्या कारेल इनेमे यांच्या पथकाने पद्धतशीर काम सुरू केले. सुटलेला गिलावा आधी भिंतीला पुन्हा धरवायचा, मगच वरचा थर हळूहळू काढायचा. काही ठिकाणी एकावर एक असे चार थर निघाले. एका खांबावर रंग मेणात कालवून काढलेली, बाळाला अंगावर पाजणारी मरिया मिळाली.

चित्रांसोबत लेखही उजेडात आले, आणि इतिहास खरा बदलला तो त्यांनी. सुरियानी लेखांचे वाचन लुकास व्हान रोम्पाय यांनी केले. त्यांतला एक लेख ग्रीकांच्या 1130 व्या वर्षाचा आहे. ही सेल्युसिड कालगणना असल्याने ते वर्ष म्हणजे इसवी सन 818-19. तिक्रितहून आलेल्या मत्तय आणि याकोब यांनी मठ उभारल्याची नोंद त्यात आहे. टोळ्यांच्या हल्ल्यात वादीतले मठ नुकतेच उद्ध्वस्त झाले होते, तेव्हा इथले बांधकाम म्हणजे पडलेल्या मठाची पुन्हा उभारणी होती. सुरियानी साधू इथे केव्हा आणि कोणत्या निमित्ताने रुजले, याचे उत्तर त्या एका लेखाने दिले. गाभाऱ्याच्या हस्तिदंत जडवलेल्या दारावरचा 914 च्या सुमाराचा लेखही असाच बोलका आहे. त्यात अलेक्झांड्रियाचा गब्रीएल आणि अँटिऑकचा योहान या दोन धर्मप्रमुखांची नावे शेजारी आहेत. दोन समाज एका छताखाली होते, त्याची ही लेखी साक्ष.

इथले काम कठीण आहे, कारण खालचा थर पाहायचा तर वरचा हलवावा लागतो, आणि वरचाही तेवढाच अस्सल असतो. शिवाय हा मठ आजही नांदता आहे, चर्चमध्ये उपासना चालते. पुढे कॉप्टिक चर्चचे पोप झालेले शेनुदा तिसरे यांनी 1954 मध्ये इथेच संन्यास घेतला होता. मठाने नवे ग्रंथालयही बांधले असून उरलेली हस्तलिखिते तिथे जपली जातात.

हस्तलिखित लंडनमध्येही वाचता येते. भिंतीवरचा लेख जागेवरून हलला, की तो कोणासाठी, कुठे उभे राहून वाचायचा होता, हेच हरवते. म्हणून देर अल-सुरियानमध्ये नवा शोध लावण्याइतकेच, किंबहुना त्याहून मोठे काम आहे ते या भिंती टिकवण्याचे.