गाठीमागे एक रुपया

मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया. बीडीडी चाळी बांधायला पैसा कुठून आला, याच्या उत्तराचा एक भाग हा आहे, आणि तो कितीदा वाचला तरी नवल ओसरत नाही. खानदेश-वऱ्हाडाचा कापूस मुंबईत उतरायचा आणि त्याचं सूत काढणाऱ्याच्या घरासाठी एक रुपया ठेवून पुढे जायचा! बाकीची रक्कम सरकारने कर्ज काढून उभी केली.

या चाळी बांधणारं खातं, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी), गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात १९२० साली निघालं. संकल्प ५० हजार खोल्यांचा होता. झाल्या सोळा हजारांच्या वर. चाळी २०७: वरळीत १२१, नायगावला ४२, आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीत १२.

यातली कुठलीही चाळ बघा. तळमजला आणि वर तीन मजले. आत शिरलं की मधोमध लांबलचक बोळ, दोन्ही हातांना दहा-दहा दारं. मजल्याला वीस बिऱ्हाडं, चाळीला ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. बांधकाम मात्र सिमेंट काँक्रीटचं, तेही शंभर वर्षांपूर्वी, गिरणीकामगारासाठी!

एवढं करूनही वरळीतल्या कितीतरी खोल्या सुरुवातीला रिकाम्या राहिल्या. कामगाराला ते भाडं झेपेना. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत तिथल्या काही चाळींत सत्याग्रहींना डांबलं गेलं. घरं बांधून भागत नाही, पगारात बसेल असं भाडंही लागतं. गृहनिर्माणाच्या कोणत्याही योजनेचा खरा कस इथेच लागतो. पुढे मात्र या चाळी अशा भरल्या की एकेका खोलीत पिढ्या वाढल्या.

आता म्हाडा तिथे टॉवर उभारते आहे. १६० फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, मालकी हक्काने, फुकट. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. या वेळी पैसा कापसातून येत नाही. त्याच आवारात आणखी इमारती बांधून त्यांतले फ्लॅट बाजारभावाने विकायचे आणि त्यातून रहिवाशांच्या घरांचा खर्च भागवायचा, असा हिशेब आहे. हे शक्य झालं, कारण जमीन शंभर वर्षं सरकारच्याच हातात राहिली. माझ्या मते त्या जुन्या खात्याने मागे ठेवलेली सर्वांत मोठी ठेव म्हणजे ही जमीन. शहराच्या मध्यावरची सरकारी जमीन विकून टाकण्याआधी प्रत्येक सरकारने हे उदाहरण वाचावं.

जमीन कोणाची, यावर किती अवलंबून असतं ते शिवडीत दिसतं. तिथल्या बारा चाळी पोर्ट ट्रस्टच्या, म्हणजे केंद्राच्या जागेवर आहेत. म्हणूनच वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या पुनर्विकासाचं काम म्हाडाने हाती घेतलं, तेव्हा शिवडीच्या ९६० खोल्या त्यातून बाहेर राहिल्या.