खालच्या पट्टीतले पुरुष

रावेर तालुक्यात एखाद्या गावी अखंड हरिनाम सप्ताह बसला की संध्याकाळच्या हरिपाठाला पुरुष समोरासमोर रांगा धरून उभे राहतात. बहुतेक जण दिवसभर केळीच्या बागेत राबलेले. हाती टाळ, मध्ये मृदंग आणि विणेकरी. पट्टी चढी, काळी चारच्या आसपास, रंगात आली की त्याहून वर. ज्याचा गळा तिथवर पोचत नाही तो टाळ वाजवतो आणि ओठ हलवतो. या माणसाचं काय करायचं, हे आपल्या भजनाने कधी मनावर घेतलं नाही. ब्रिटनमधल्या वेल्सच्या पुरुषवृंदांनी, म्हणजे एकत्र गाणाऱ्या पुरुषांच्या मंडळांनी, घेतलं.

तिथे गाणाऱ्यांचे चार गट असतात, चढ्या गळ्यापासून खालच्यापर्यंत: पहिले टेनर, दुसरे टेनर, बॅरिटोन आणि बास. प्रत्येकाची ओळ निराळी, पण चारही एकाच वेळी चालतात. सर्वांत जाड आवाजाचे लोक खाली पाया धरतात. ते गप्प बसले तर वरचं सगळं पोकळ वाटतं. ऱ्हॉन्डा खोऱ्यातला त्रिओर्कीचा वृंद १८८३ सालचा. कोळशाच्या खाणींच्या मुलखातले हे गायक १८९५ मध्ये विंडसरला व्हिक्टोरिया राणीपुढे गायले.

पाच रेघांची युरोपीय स्वरलिपी या कामगारांना शिकवली कुणी? बहुतेकांना ती येतच नव्हती. जॉन कर्वेन या इंग्रज धर्मोपदेशकाने रूढ केलेली अक्षरांची सोपी पद्धत १८६०च्या दशकात वेल्सच्या चॅपलांतून आणि रविवारच्या शाळांतून पसरली. तिच्यात पहिला स्वर कुठल्याही उंचीवर धरायचा, बाकीचे त्याच्या नात्याने मोजायचे. आपला षड्ज दुसरं काय करतो? छपाई स्वस्त, शिकायला सोपी. चॅपलमध्ये प्रार्थनागीतं चार आवाजांत म्हणायची सवय होतीच. वृंद उभे राहिले ते या दोहोंच्या बळावर.

पाहुण्यांपुढे गाण्याची खरी जागा मात्र उत्तर वेल्समध्ये, डी नदीकाठच्या लान्गॉथलेन या चिमुकल्या गावात. हॅरल्ड ट्यूडर यांच्या कल्पनेतून जून १९४७ मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव भरला. युरोप अजून युद्धाच्या राखेत होता. परदेशी गायकांना गावकऱ्यांनी आपापल्या घरी उतरवून घेतलं. सप्ताहाच्या वारकऱ्यांना घरोघर वाटून घेणाऱ्या आपल्या गावांना हे वेगळं सांगायला नको. १९४९ साली जर्मनीतल्या ल्युबेकचा वृंद आला, युद्ध संपून जेमतेम चार वर्षं झाली असताना. १९५५ मध्ये इटलीतल्या मोडेनाच्या पुरुषवृंदाने पहिलं बक्षीस नेलं. त्यात बापाशेजारी उभा असलेला एकोणीस वर्षांचा पोरगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला गायक लुचानो पाव्हारोत्ती.

मला स्वतःला यापेक्षा मोठी वाटते ती ५ ऑक्टोबर १९५७ची हकीकत. अमेरिकी सरकारने कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसनचा पासपोर्ट १९५० पासून अडकवून ठेवला होता. दक्षिण वेल्सच्या पोर्थकॉलला भरलेल्या खाणकामगारांच्या महोत्सवात तो येऊ शकत नव्हता, म्हणून न्यूयॉर्कहून अटलांटिकखालच्या टेलिफोन तारेवरून गायला आणि त्रिओर्कीच्या वृंदाने त्याला गाण्यानेच उत्तर दिलं. पाहुणा समुद्रापार, यजमान सभागृहात. पुढच्याच वर्षी रोबसनची साठी भारतात साजरी झाली, तेव्हा सोहळ्याच्या समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला. वॉशिंग्टनला ते बिलकूल रुचलं नाही.

ऱ्हॉन्डातली शेवटची खाण, मार्डी, १९९० मध्ये बंद पडली. वृंद टिकले, आता त्यांत शिक्षक असतात, कारकून असतात आणि पेन्शनर तर पुष्कळ. वय वाढलं की वरचे सूर आधी जातात, त्यामुळे पहिल्या टेनरांची तिथे कायम टंचाई. रावेरकडे चढ्या गळ्यांना तोटा नाही. पट्टी मात्र अजून त्यांच्याच सोयीने लागते.