चकीच्या चेहऱ्यावरचे टाके

२०१३ साली आलेला 'कर्स ऑफ चकी' पाहायला बसलेल्या जुन्या चाहत्याला बराच वेळ एकच शंका छळत राहते. हा बाहुला इतका नितळ कसा? लाल केस तेच, निळी डुंगरी तीच, पट्ट्यापट्ट्यांचा सदराही तोच. मग चेहराभर असलेले ते टाके कुठे गेले? १९९८च्या 'ब्राइड ऑफ चकी'मध्ये त्याच्या प्रेयसीने, टिफनीने, त्याचे तुकडे गोळा करून शिवले होते, त्या शिवणीच्या खुणा होत्या त्या. त्या दिसत नाहीत म्हणजे पाटी कोरी केली, आपण इतकी वर्षं पाहिलेलं सगळं मोडीत काढलं, असंच वाटू लागतं. आणि मग चेहऱ्यावरचा एक पापुद्रा सुटतो, सोलत जातो, आणि खाली टाके दिसतात. जिथल्या तिथे.

भयपटांच्या मालिकेकडून चाहत्यांना काय हवं असतं, याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसऱ्या कुठल्या प्रसंगात सापडलेलं नाही. त्यांना नवं हवं की जुनंच पुन्हा, यावर वाद पुष्कळ होतात. माझ्या मते त्यांची मागणी वेगळीच आहे. आम्ही जे पाहिलं ते घडलं होतं, एवढं मान्य करा आणि मग पुढे काय वाटेल ते करा.

चकीचा पहिला चित्रपट 'चाइल्ड्स प्ले' अमेरिकेत लागला नोव्हेंबर १९८८मध्ये. मूळ कल्पना डॉन मॅन्चिनी या लॉस एंजेलिसमध्ये चित्रपटाचं शिक्षण घेणाऱ्या तरुणाची, दिग्दर्शन टॉम हॉलंडचं. शिकागोतला खुनी चार्ल्स ली रे पोलिसांच्या गोळीने मरता मरता मंत्र म्हणतो आणि खेळण्यांच्या दुकानातल्या बाहुल्यात शिरतो. पुढे तो बाहुला सहा वर्षांच्या अँडीच्या हाती पडतो. बाहुला बोलतो हे पोर जिवाच्या आकांताने सांगतं आणि मोठ्यांना ते खरं वाटत नाही. चित्रपटातली भीती खरी तिथेच आहे.

२०१७पर्यंत या मालिकेचे सात चित्रपट झाले. सातही चित्रपटांच्या लेखनात मॅन्चिनी होता आणि सातही चित्रपटांत चकीचा आवाज ब्रॅड ड्यूरिफचा. या धंद्यात हे फार विरळा. सगळे भाग चांगले होते असं मात्र कुणीच म्हणत नाही. १९९१चा तिसरा भाग दुसऱ्यानंतर जेमतेम नऊ-दहा महिन्यांत उरकला होता, आणि ती घाई पडद्यावर दिसते. २००४चा 'सीड ऑफ चकी' उघड विनोदी निघाला. त्यात चकी-टिफनीला मूल झालं आणि चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले. मॅन्चिनीने पुढे पुन्हा भीतीकडे तोंड वळवलं, पण ते मूल टाकून दिलं नाही. २०२१पासून तीन हंगाम चाललेल्या दूरचित्रवाणी मालिकेत, दुसऱ्या हंगामात, त्या मुलाची ग्लेन आणि ग्लेंडा ही दोन रूपं परत आली. ज्यांना 'सीड' मुळीच आवडला नव्हता त्यांनाही यात आपला मान राखला गेल्यासारखं वाटलं असेल, असं मला वाटतं.

'कर्स'ची श्रेयनामावली संपल्यावर एक छोटा प्रसंग आहे. एका माणसाच्या घरी खोकं येतं. तो फोनवर बोलत असताना चकी आतून खोकं कापून बाहेर पडतो आणि वळून पाहतो तर समोर बंदुकीची नळी. बंदूक धरणारा तोच अँडी, आणि त्याच्या भूमिकेत तोच ॲलेक्स व्हिन्सेंट, जो १९८८मध्ये लहान मुलगा होता. हा प्रसंग ज्यांनी पहिला चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी नाहीच. तो थांबून राहिलेल्यांसाठी आहे.

आता याच्या शेजारी 'हॅलोवीन' ठेवून पाहा. जॉन कार्पेंटरचा १९७८चा मूळ चित्रपट माझ्या लेखी चकीच्या कुठल्याही चित्रपटापेक्षा सरस आहे. पण त्याच्या पुढच्या भागांनी चाहत्यांचा जो छळ मांडला त्याला तोड नाही. १९८८ आणि १९८९च्या भागांत डॅनिएल हॅरिसने साकारलेली जेमी ही चिमुरडी लोकांच्या काळजात घर करून बसली. १९९८च्या भागाने ती कधी जन्मालाच आली नव्हती असं धरलं. त्या भागात नायिका लॉरी मुखवटाधारी खुनी मायकेल मायर्सचं मुंडकं उडवते. २००२मध्ये सांगण्यात आलं, की मुखवट्याआड दुसराच कुणी बिचारा होता. २०१८च्या चित्रपटाने तर पहिला सोडून सगळेच भाग रद्द केले. तो चित्रपट तिकीटबारीवर जोरात चालला हे खरं, आणि अनेक चाहत्यांना तो आवडला हेही खरं. पण गाळलेले भाग त्यांनी मनातून काढले नाहीत. १९९५च्या सहाव्या भागाची चित्रपटगृहात न लागलेली वेगळी आवृत्ती जवळजवळ वीस वर्षं धुरकट चोरट्या कॅसेटींमधून हातोहात फिरत राहिली. २०१४मध्ये ती अखेर अधिकृतपणे निघाली. निर्मात्यांनी टाकून दिलेलं चाहत्यांनी सांभाळलं.

चाहत्यांचं सगळं बरोबरच असतं असं मात्र नाही. १९८२च्या 'हॅलोवीन ३'मध्ये मायकेल मायर्स नव्हता, दर वेळी नवी गोष्ट सांगायचा बेत होता. प्रेक्षकांनी तो उधळून लावला. आज त्याच चित्रपटाचे गोडवे गायले जातात. त्या वेळी थोडा धीर धरला असता, तर एक चांगली वाट बंद झाली नसती.

२०१९मध्ये 'चाइल्ड्स प्ले' नव्याने निघाला. पहिल्या चित्रपटाचे हक्क एमजीएमकडे राहिले होते, त्यामुळे मॅन्चिनी आणि ड्यूरिफ यांच्याविना तो करता आला. आवाज मार्क हॅमिलसारख्या कसलेल्या नटाचा होता. पण बाहुल्यात आत्मा नव्हता, बिघडलेली यंत्रणा होती. चित्रपट टाकाऊ नव्हता, तरी बहुतेक जुने चाहते मॅन्चिनीच्याच बाजूने उभे राहिले.

आपल्याकडे हा विषय परका नाही. १९९३चा 'झपाटलेला' चकीवरून बेतलेला, पण दिग्दर्शक महेश कोठारे यांनी त्यात केलेला एक बदल मला मूळ कल्पनेइतकाच मोलाचा वाटतो. अँडीच्या जागी त्यांनी शब्दभ्रमकार लक्ष्या आणला. बाहुल्या बोलक्या करणं हाच ज्याचा धंदा, तो 'बाहुला आपणहून बोलतो' म्हणाला तर गावात कोण ऐकणार? लक्ष्मीकांत बेर्डे यांनी ती तगमग हसवत हसवत अशी रंगवली, की लहानपणी तात्या विंचू या बाहुल्याला भिऊन पांघरुणात शिरलेली माणसं आजही आधी लक्ष्याचीच आठवण काढतात. आवाज दिलीप प्रभावळकरांचा, आणि बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी, म्हणजे अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याच्या घराण्यातच.

'झपाटलेला २' थ्रीडीमध्ये आला तोही २०१३मध्येच. बेर्डे जाऊन तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. कोठारे यांनी गोष्ट पहिल्यापासून नव्याने मांडली नाही. नायक लक्ष्याचा मुलगा होता, पहिल्या भागातला इन्स्पेक्टर महेश जाधवही होता, आणि बाहुल्याला जुना वैरी ओळखू येत होता. चित्रपट पहिल्याच्या पासंगाला पुरला नाही हे माझं मत आहे, पण त्याने पहिल्याशी इमान राखलं.

तिसऱ्या भागाची घोषणा झालेली आहे. तो करणाऱ्यांना एका प्रेक्षकाची विनंती आहे. तात्या विंचू संगणकावर काढू नका, हाताने हलणारा, लाकडासारखी ताठ मान वळवणारा बाहुलाच ठेवा. पहिले दोन्ही चित्रपट घडले होते असं धरून चला, दुसऱ्यातलं जे फसलं तेही लपवू नका. आणि लक्ष्याची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका, ती रिकामी दिसली तरी चालेल.