वाढीच्या मर्यादा आणि नसबंदीची उद्दिष्टे

राज्यसत्ता केवळ कायदा मोडणाऱ्याला शिक्षा करीत नाही, तर जन्म, मृत्यू, आजार आणि आयुर्मान यांची मोजदाद ठेवून अवघ्या लोकसंख्येचे जगणेच आपल्या कारभाराचा विषय करते, या प्रक्रियेला मिशेल फूको यांनी ‘जैवराजकारण’ म्हटले आणि १७ मार्च १९७६ रोजी पॅरिसमधील व्याख्यानात ती उलगडून दाखवली. त्यानंतर महिन्याभरातच, १६ एप्रिलला, आणीबाणीतील भारत सरकारने राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता, पण फूकोंना याहून चपखल दाखला क्वचितच मिळाला असता.

लोकसंख्येची धास्ती अर्थात जुनीच होती, आणि सरकारी कुटुंबनियोजन १९५२ पासून चालू होते. मात्र १९७२ मध्ये ‘क्लब ऑफ रोम’साठी एमआयटीतील संशोधकांनी लिहिलेल्या ‘द लिमिट्स टु ग्रोथ’ या अहवालाने, घातांकी वाढ, म्हणजे दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी फुगत जाणारी वाढ, मर्यादित पृथ्वीवर अखंड चालू शकत नाही, असे संगणकीय प्रारूपाच्या आधारे मांडले. त्या प्रारूपात लोकसंख्या, औद्योगिक उत्पादन, अन्न, खनिजांसारखी संपून जाणारी साधनसंपत्ती आणि प्रदूषण हे पाच घटक एकमेकांत गुंतलेले होते. राज्यकर्त्यांच्या हाती लागला तो पहिलाच, कारण कारखानदारीला किंवा सुखवस्तूंच्या उपभोगाला वेसण घालण्यापेक्षा गरिबाच्या देहावर हुकूम चालवणे केव्हाही सोपे.

आणीबाणीत शिक्षकांपासून महसूल कर्मचाऱ्यांपर्यंत अनेकांना नसबंदीच्या ‘केसेस’ आणण्याची उद्दिष्टे नेमून दिली गेली, ती न गाठणाऱ्यांचे पगार अडवले गेले आणि १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयकच संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, एवढ्यावरच ते अडले. पुढे पुरुषांच्या रोषाचा धसका घेतलेल्या यंत्रणेने मोर्चा स्त्रियांकडे वळवला, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आढळले.

त्याच सर्वेक्षणानुसार देशाचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात होणाऱ्या अपत्यांची सरासरी, २.० वर आला असून लोकसंख्या स्थिर ठेवणाऱ्या २.१ या पातळीच्या तो खाली आहे. आणीबाणीपासून लोकसंख्या दुपटीहून काहीशी अधिक झाली. संपून जाणाऱ्या साधनसंपत्तीपैकी कोळशाचे वार्षिक उत्पादन याच काळात सुमारे १० कोटी टनांवरून २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांपलीकडे गेले, आणि ही वाढ मात्र विक्रम म्हणून साजरी झाली.