नडलेल्याची जागा घेताना

बाजारपेठेतील जुना गाळा विकावयास निघाला की त्याची वार्ता जाहिरातीआधी पेढीवर पोहोचते. दलाल सांगतो, शेजारचा दुकानदार सांगतो, कधी मंदिराच्या पायऱ्या उतरताना कोणी सहज बोलून जातो. भावांची वाटणी, बँकेचे थकलेले हप्ते, घरातील मोठे दुखणे, मुलाकडे परगावी जाण्याची घाई. कारण बहुधा यांपैकीच असते. असा विक्रेता शोधण्यात गैर काही नाही. ज्याला विकण्याची निकड नाही, त्याच्याशी केलेल्या वाटाघाटी बहुतेक वेळा चहापाशीच संपतात.

अवघड प्रश्न पुढचा आहे. समोरच्याची नड कळल्यावर भाव कोठवर ओढावयाचा?

नवखा खरेदीदार आधी किंमत विचारतो. मुरलेला व्यापारी आधी हे विचारतो की रक्कम केव्हा हवी, त्यातली तातडीची किती, आणि जागा रिकामी कधी होईल. या उत्तरांतच सौदा असतो. कर्ज थकले की २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँक ६० दिवसांच्या मुदतीची मागणी-नोटीस देते. मुदत टळली की तारण जागेचा ताबा घेऊन ती लिलावात काढू शकते. अशा मालकाला दोन लाख अधिक मिळण्यापेक्षा दारावर लिलावाची नोटीस न लागणे मोलाचे वाटते. खरेदीदाराने बँकेची बाकी थेट बँकेत भरून मूळ कागद सोडवून घेतले, तर भाव त्याला परवडेल असा ठरतो आणि विक्रेत्याची अब्रूही राहते. मुलाची परीक्षा होईपर्यंत तीन महिने राहू देण्याची लेखी मुभा खरेदीदाराला फारशी महाग पडत नाही. त्या कुटुंबाला मात्र ती फार मोठी असते.

घाईत कागद पाहावयाचे राहतात, आणि नडीचे व्यवहार येथेच फसतात. वाटणीच्या गाळ्यावर थोरल्या भावाची सही पुरेशी नसते. हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. सासरी असलेल्या बहिणीचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, किंवा खरेदीखतावर तिची सही नसेल, तर स्वस्तात घेतलेला गाळा न्यायालयाच्या पायऱ्या चढावयास लावतो.

भाव फार पाडण्याला कायद्याचाही अटकाव आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे केवळ किंमत कमी म्हणून करार रद्द होत नाही. परंतु विक्रेत्याची संमती खरोखर मोकळी होती का, हे ठरवताना न्यायालय ती कमी किंमत विचारात घेऊ शकते. शिवाय मुद्रांक मूल्यांकनापेक्षा किंमत १० टक्क्यांहून अधिक कमी असेल आणि फरक ५०,००० रुपयांवर असेल, तर तो फरक खरेदीदाराचे उत्पन्न धरला जातो. इसार २०,००० किंवा त्याहून अधिक असेल तर तो रोखीने घेता येत नाही. त्याचा दंड घेणाऱ्यावर बसतो, म्हणजे आधीच नडलेल्या माणसावर. ‘थोडे रोखीने देतो’ ही सवलत नव्हे.

श्रावकाला याहून जवळचा हिशेब ठाऊक असतो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत मापातोलातील लबाडी आहे, आणि परिग्रहाच्या मर्यादेत पहिले नाव क्षेत्र-वास्तूचे, म्हणजे जमीन-घराचेच आहे. घासाघीस हा अतिचार नव्हे. मात्र संध्याकाळी मंदिरात कोणाच्या आजारपणाची बातमी ऐकून सकाळी त्याच्या दारी निम्म्या भावाने उभे राहणे, याला व्यापार म्हणणे कठीण आहे.

यावर एक साधा उपाय आहे. साठेखतापूर्वी विक्रेत्याने आपला मेहुणा, व्याही किंवा वकील सोबत आणावा, असा आग्रह खरेदीदारानेच धरावा आणि त्या माणसासमोर परिसरातील चालू दर स्वतः सांगावा. सही दोन दिवस उशिरा होईल. भावही कदाचित थोडा चढेल.